गाडी खाली, दणका वर

नव्या गाडीचे चाक आणि त्यावरची मडगार्डची कमान यांच्यात चार बोटांची फट दिसते. ती अनेक तरुण मालकांच्या डोळ्यांत खुपते. कारखान्यातून आली तशी गाडी त्यांना उंच, शिडशिडीत, जरा भित्री वाटते. तीच तीस-चाळीस मिलीमीटर खाली बसली की रुबाबदार दिसते. मग पुण्यातल्या नाना पेठेपासून कुर्ल्याच्या सीएसटी रोडपर्यंत चौकशा सुरू होतात आणि बहुतेक चौकशा ‘लोअरिंग स्प्रिंग’ या शब्दापाशी येऊन थांबतात. मूळ स्प्रिंगा काढायच्या, त्यांच्या जागी आखूड आणि थोड्या कडक स्प्रिंगा बसवायच्या, की काम झाले. विकणारा दोन फायदे सांगतो: लूक आणि हँडलिंग. दिसण्याविषयी वाद घालण्यात अर्थ नाही. हँडलिंगचा दावा मात्र अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत स्टिअरिंग धरणारा क्वचितच मोजतो. ती मोजतो मागच्या सीटवर बसलेला माणूस. त्यामुळे हा विषय गाड्यांच्या शौकिनांइतकाच अस्थिरोगतज्ज्ञांचाही आहे.

ती फट रिकामी जागा नव्हे. चाकाला वर उचलले जाण्यासाठी राखलेली ती वाट आहे. खड्डा किंवा उंचवटा आला की चाक वर जाते, स्प्रिंग दबते आणि गाडीचे धड जवळजवळ तिथेच राहते. सस्पेन्शनचे सगळे शहाणपण एवढ्यातच आहे. एखाद्या छोट्या गाडीत चाकाला वर जायला ८० मिलीमीटर वाव आहे असे धरू. या वाटेच्या शेवटी ‘बंप स्टॉप’ नावाचा रबराचा किंवा फोमसारख्या पॉलियुरेथेनचा ठोकळा असतो. त्यावर आदळल्यावर पुढे जायला जागा नसते. गाडी ४० मिलीमीटर खाली बसवली की ही वाट एकदम निम्मी होते. स्प्रिंग दाबायला लागणारी ऊर्जा दाबलेल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून तोच खड्डा निम्म्या वाटेत पचवायचा असेल तर स्प्रिंग चौपट कडक हवी. बाजारातल्या रस्त्यावर वापरायच्या लोअरिंग स्प्रिंगा बऱ्याचदा मूळ स्प्रिंगांपेक्षा वीस-तीस टक्केच कडक असतात, कारण चौपट कडक स्प्रिंगांवर कोणीही दोन दिवसांहून अधिक गाडी चालवणार नाही. मग मधली तूट कोण भरून काढतो? तोच रबरी ठोकळा. पूर्वी वर्षाकाठी पाच-दहा वेळा कामाला येणारा बंप स्टॉप आता रोज कामावर हजर होतो, आणि त्याचा स्वभाव स्प्रिंगेसारखा नसतो. तो सुरुवातीला थोडा दबतो आणि मग एकदम भिंत होतो. लो केलेल्या गाडीत बसलेल्यांना जो कोरडा, हाडात शिरणारा ठोका बसतो तो स्प्रिंगेच्या कडकपणापेक्षा या भिंतीचा अधिक असतो.

यात माणसे अजून बसलेलीच नाहीत. गाडी घेताना, फोटो काढताना, गॅरेजमध्ये उंची मोजताना ती रिकामी असते. दिवाळीत गावी निघताना मात्र मागे तिघे आणि डिकीत फराळाच्या डब्यांसह बॅगा असतात. मागच्या दोन चाकांवर मिळून २०० किलो वजन वाढले आणि प्रत्येक चाकापाशी स्प्रिंगेचा कडकपणा मिलीमीटरला सुमारे दोन किलो असला, तर मागची बाजू सरळ ५० मिलीमीटर खाली बसते. कंपनीने ८० मिलीमीटरची वाट ठेवली ती या दिवसाचा विचार करून. आधीच ४० मिलीमीटर खाली बसवलेली गाडी त्या दिवशी जवळजवळ बंप स्टॉपवर टेकूनच प्रवासाला निघते. मागच्या सीटवरच्यांसाठी तिला सस्पेन्शन उरलेलेच नसते.

स्प्रिंगेचा मूळ नियम जुना आहे. ताण जितका, तितके बल, असे रॉबर्ट हूक यांनी १६७८ साली मांडले. त्यातून एक सुंदर गोष्ट निघते. स्प्रिंगांवर ठेवलेली गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली झुलेल हे गाडीच्या वजनाखाली स्प्रिंग किती दबली आहे एवढ्यावरून सांगता येते. २५ सेंटीमीटर दबली असेल तर सेकंदाला एक हेलकावा, ११ सेंटीमीटर दबली असेल तर दीड, आणि सहा-सव्वासहा सेंटीमीटरच दबली असेल तर दोन. आरामशीर प्रवासी गाड्या साधारण एक ते दीडच्या दरम्यान झुलतात. खेळकर गाड्या त्याच्या वर, आणि शर्यतीच्या गाड्या दोनच्याही बऱ्याच पुढे. माणूस चालताना त्याचे शरीर सेकंदाला सुमारे दोन वेळा वरखाली होते. त्यामुळे या पट्ट्यातल्या हेलकाव्यांची शरीराला जन्मापासून सवय असते. याच्या फार खाली जाणेही बरे नाही. सेकंदाला अर्ध्यापेक्षा कमी अशा संथ हेलकाव्यांनी मळमळते. होडीत बसून उलटी झालेल्यांना हे वेगळे सांगायला नको. म्हणजे मऊ तेवढे चांगले, असा हा हिशेब नाही.

स्प्रिंग २५ टक्के कडक केली तर हेलकाव्यांचा वेग सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो, १.३ चा १.४५ होतो. ऐकायला हे फारसे वाटत नाही, आणि गुळगुळीत रस्त्यावर ते जाणवतही नाही. पण स्प्रिंगेबरोबर शॉकॲब्सॉर्बरचाही विचार करावा लागतो. गॅरेजमधला ‘शॉकअप’ तो हाच. स्प्रिंग उड्या मारते, शॉकॲब्सॉर्बर त्या उड्या जिरवतो. स्प्रिंग कडक झाली की तिला आवरायला तेवढाच ताकदवान शॉकॲब्सॉर्बर लागतो. नवी कडक स्प्रिंग आणि साठ हजार किलोमीटर चाललेला जुना शॉकॲब्सॉर्बर ही जोडी जमत नाही. गाडी कडकही लागते आणि उड्याही मारते, असा दुहेरी तोटा होतो. पैसे वाचवण्यासाठी हीच जोडी सर्वांत जास्त वेळा जमवली जाते.

आता हँडलिंग. गाडी वळते तेव्हा आतल्या चाकांवरचे वजन बाहेरच्या चाकांवर सरकते. जितके जास्त सरकेल तितकी टायरांची एकूण पकड कमी होते, म्हणून गुरुत्वमध्य खाली आणणे चांगले, हे तत्त्व बरोबर आहे. प्रश्न किती, एवढाच आहे. हजार किलोची गाडी घ्या. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटीमीटरवर, दोन चाकांमधले अंतर १५० सेंटीमीटर, आणि वळण इतके जोरात की अंगावर गुरुत्वाकर्षणाच्या निम्मा बाजूचा जोर येतो. म्हणजे मागचे प्रवासी एकमेकांवर कलंडतील असे वळण. त्यात सुमारे १८३ किलो वजन आतून बाहेर सरकते. गाडी ३० मिलीमीटर खाली आणल्यावर ते होते १७३ किलो. फायदा दहा किलोंचा. तोही कागदावर, कारण चाके, टायर, ब्रेक काही खाली येत नाहीत. शेजारच्या सीटवर अंगाने भरलेल्या मित्राऐवजी सडपातळ मित्र बसवला तर असाच काहीसा फायदा होईल.

मग लो केलेली गाडी वळणावर चांगली वाटते हे खोटे का? खोटे नाही. कडक स्प्रिंगांमुळे धड कमी कलते, स्टिअरिंग फिरवताच गाडी लगेच वळायला लागते, आणि हात व पार्श्वभाग यांना हा तरतरीतपणा थेट कळतो. पण कमी कलणे आणि जास्त पकड असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आतून बाहेर सरकणारे एकूण वजन गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधले अंतर आणि वेग ठरवतात. स्प्रिंगेचा कडकपणा ते कमी करत नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांत त्याची वाटणी तेवढी बदलतो. कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेसारख्या सपाट ट्रॅकवर कडक स्प्रिंगा शोभतात, कारण तिथे चाकाला उंचसखलपणाचा पाठलाग करावा लागत नाही. वरंध किंवा आंबेनळी घाटातल्या उखडलेल्या वळणावर मात्र कडक सस्पेन्शनचे चाक खळग्यांवरून टणाटण उडते, आणि हवेत असलेल्या टायरला पकड नसते. वळणाच्या मध्यात एक बाजू बंप स्टॉपवर आदळली तर त्या टोकाचा कडकपणा क्षणात कितीतरी पटींनी वाढतो आणि गाडी अनपेक्षितपणे सरकते. ओल्या रस्त्यावर हे जास्तच. म्हणजे ज्या गुणासाठी स्प्रिंगा घेतल्या तोच गुण रस्ता खराब झाला की हातून निसटतो.

यात आणखी एक गुंता आहे, तो विकणारे क्वचितच सांगतात. बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट पद्धतीचे सस्पेन्शन असते: खाली एक आडवा दांडा, म्हणजे लोअर आर्म, आणि वर उभा स्ट्रट. वळणावर गाडी एका काल्पनिक बिंदूभोवती कलते आणि त्या बिंदूची उंची लोअर आर्मच्या तिरकेपणावर ठरते. गाडी खाली बसली की लोअर आर्मची बाहेरची बाजू वर उचलली जाते आणि तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली घसरतो. दोघांमधले अंतर वाढते, म्हणजे धडाला कलंडवणारा तरफेचा दांडा लांबतो. नव्या स्प्रिंगांच्या कडकपणाचा एक हिस्सा हा स्वतःच निर्माण केलेला तोटा भरून काढण्यातच खर्च होतो. शिवाय चाकांचे कोन बदलतात. अलाइनमेंट करून घेतले नाही तर टायरची आतली कड काही हजार किलोमीटरमध्ये गुळगुळीत होते. बाहेरून बघणाऱ्याला ती दिसत नाही, आणि टायर फुटण्याच्या दृष्टीने हीच खरी धोक्याची बाब.

शरीराकडे वळू. बसलेल्या माणसाचे धड हीसुद्धा एक प्रकारची स्प्रिंगच आहे: मणके, त्यांच्यामधल्या चकत्या, आणि पोटातले लोंबते अवयव. सेकंदाला चार ते आठ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना ही स्प्रिंग सर्वांत जास्त दाद देते. कण्याचे नैसर्गिक कंपन पाचच्या आसपास असते. म्हणून संपूर्ण शरीराला बसणाऱ्या कंपनांसाठीच्या आयएसओ २६३१ या आंतरराष्ट्रीय मानकात या पट्ट्याला सर्वांत जास्त वजन दिलेले आहे. त्याच मानकाचा पाचवा भाग खास एकामागून एक बसणाऱ्या दणक्यांसाठी आणि कमरेच्या मणक्यांसाठी आहे, कारण एकसारखी थरथर आणि सुटा दणका यांचा परिणाम सारखा नसतो. चांगले सस्पेन्शन स्वतः सेकंदाला सव्वा वेळा झुलते आणि चार ते आठच्या पट्ट्यातली कंपने बरीचशी खालीच अडवते. स्प्रिंग कडक केली की या गाळणीची भोके मोठी होतात. बंप स्टॉप लागला की गाळणीच निघून जाते, आणि दणका थेट सीटमधून माकडहाडाकडे जातो.

घाबरवून सोडायचे कारण नाही. तिशीतला निरोगी माणूस रोज अर्धा तास कडक गाडी चालवतो म्हणून त्याचा कणा मोडणार नाही. पाठदुखीला बैठे काम, व्यायामाचा अभाव, वजन, धूम्रपान अशी इतर बरीच कारणे असतात. तरीही पेशाने वाहन चालवणाऱ्यांमध्ये कंबरदुखी जास्त आढळते, ही गोष्ट व्यवसायजन्य आजारांच्या अभ्यासात फार पूर्वीपासून मान्य आहे. युरोपीय संघाने तर २००२ सालीच कामगारांसाठी कंपनांची मर्यादा घातली: आठ तासांच्या दिवसाला ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढे कंपन असेल तर मालकाने उपाय सुरू करायचे, आणि १.१५ ओलांडायचेच नाही. ज्यांची गाडी हेच पोटापाण्याचे साधन आहे, जे दिवसाला दहा-बारा तास स्टिअरिंगमागे असतात, त्यांनी केवळ रुबाबासाठी गाडी खाली बसवण्यात काही शहाणपण नाही.

खरी काळजी करावी ती हाडे ठिसूळ झालेल्यांची. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या हाडांची घनता वेगाने घटते, आणि अनेकींना ते पहिले फ्रॅक्चर होईपर्यंत कळत नाही. अशा कण्याला मोठा अपघात लागत नाही. छातीचा शेवटचा आणि कमरेचा पहिला मणका जिथे भेटतात तिथे बसल्या जागी दबून फ्रॅक्चर होऊ शकते. गतिरोधकावरून बस वेगात गेल्यावर मागच्या सीटवरच्या प्रवाशांचे मणके असे दबल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. मागचीच सीट का, याचे उत्तर एसटीच्या शेवटच्या बाकावर एकदा बसलेल्या कोणालाही ठाऊक आहे: ती मागच्या चाकांच्याही मागे असते आणि झोपाळ्याच्या टोकासारखी उडते. छोट्या गाडीत मागची सीट जवळजवळ चाकांच्या वरच येते. चालकाला पुढचा खड्डा दिसतो, तो हातपाय आवळून तयार असतो, त्याला स्टिअरिंगचा आधार असतो. मागे डुलकी लागलेल्या आईला यातले काहीच नसते. गरोदर स्त्री, नुकतीच पाठीची शस्त्रक्रिया झालेला माणूस, मान न धरणारे तान्हे मूल हेही त्याच सीटवर बसतात. घरच्या गाडीला कोणत्या स्प्रिंगा लावायच्या यावर पहिला नकाराधिकार त्या सीटचा असला पाहिजे.

मागच्या सीटचा विचार मोटारउद्योगात नवा नाही. मोरिस ऑली हे ब्रिटिश अभियंते रोल्स-रॉइस सोडून १९३० साली अमेरिकेत कॅडिलॅककडे गेले. त्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी एका मोठ्या गाडीवर पुढेमागे सरकवता येतील अशी वजने लावली, स्प्रिंगा बदलून बदलून पाहिल्या, आणि माणसांना आत बसवून विचारले की आता कसे वाटते. त्या काळात आराम मोजणारे भरवशाचे यंत्र नव्हते. माणसाची पाठ हेच यंत्र होते. त्यातून आलेला निष्कर्ष आजही वापरात आहे: पुढचे सस्पेन्शन मागच्यापेक्षा थोडे संथ झुलायला हवे. कारण उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो आणि नंतर मागच्या. अडीच मीटरच्या आसपास चाकअंतर असलेल्या गाडीत, ताशी ६० किलोमीटर वेगाने, हा फरक सेकंदाच्या सुमारे सातव्या हिस्स्याएवढा असतो. मागची बाजू थोडी जलद झुलली तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी पुढेमागे डोलण्याऐवजी सपाट वरखाली होते. मानेला हे डोलणे फार त्रास देते. पुढच्या स्प्रिंगा खूप कडक आणि मागच्या जेमतेम, असा जो संच ‘स्पोर्टी’ म्हणून विकला जातो, तो ऑलींच्या या शिकवणीवर सरळ पाणी सोडतो.

राहिले आपले रस्ते, आणि विशेषतः स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचा आकार ठरवून दिला आहे: रस्त्याच्या दिशेने ३.७ मीटर लांब, मध्यभागी १० सेंटीमीटर उंच, आणि १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा सौम्य तुकडा, ताशी २५ किलोमीटरने ओलांडता येईल असा. साध्या भूमितीने दिसते की अशा गतिरोधकावर छोट्या गाडीची चारही चाके एकाच वेळी मावतात आणि दोन चाकांमध्ये फुगवटा उरतो तो फक्त साडेचार सेंटीमीटरचा. त्यावरून ४० मिलीमीटर लो केलेली गाडीही माणसांसकट न घासता जाते. पण असा गतिरोधक किती ठिकाणी दिसतो? गल्लीच्या तोंडाशी, शाळेसमोर, गावात शिरताना, कोणीतरी अपघातानंतर रातोरात घातलेला जो असतो तो दोन-तीन फूट रुंद आणि वीतभर उंच. तो अख्खाच्या अख्खा दोन चाकांमध्ये येतो. १६५ मिलीमीटर उंचीची गाडी ४० मिलीमीटर खाली आणली की १२५ उरतात. १५० मिलीमीटरच्या उंचवट्यावर ती रिकामीही घासणारच. मग चालक गाडी तिरकी घालतो, एकेक चाक चढवतो, आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला कळत नाही की हा डावीकडे वळतोय की काय. गतिरोधक चुकीचे आहेत ही तक्रार रास्तच आहे, पण ते दुरुस्त होईपर्यंत गाडी याच रस्त्यावर चालवायची आहे. गंमत म्हणजे, हेच रस्ते बघून काही मालक उलट स्प्रिंगेच्या वेटोळ्यांत रबरी ठोकळे घालून गाडी उंच करून घेतात. त्यातही स्प्रिंगेची काही वेटोळी निकामी होऊन ती कडकच होते.

एवढे सगळे ऐकूनही ज्याला स्प्रिंगा बदलायच्याच आहेत, गाडी बहुधा एकटाच वापरतो आणि मागच्या सीटवर लॅपटॉपची बॅगच बसते, त्याने निदान प्रश्न तरी योग्य विचारावेत. ‘किती खाली बसेल’ हा पहिला प्रश्न नव्हे. पहिला प्रश्न कडकपणाचा: मूळ स्प्रिंगेपेक्षा पुढे किती टक्के, मागे किती, आणि हे आकडे कागदावर आहेत का. आकडा सांगता न येणाऱ्या विक्रेत्याकडून स्प्रिंग घेणे म्हणजे मात्रा न विचारता औषध घेणे. दुसरा प्रश्न, खाली बसल्यावर बंप स्टॉपपर्यंत किती वाट उरते. गाडीबरोबर आखूड बंप स्टॉप येतात का, आणि ते लावल्यावर टायर मडगार्डला घासत तर नाही ना. जवळजवळ वेटोळी सुरुवातीला आणि विरळ वेटोळी पुढे, अशा प्रगामी स्प्रिंगा सुरुवातीला मऊ आणि पुढे कडक होत जातात. रस्त्यावरच्या वापरासाठी त्या एकसारख्या कडक स्प्रिंगांपेक्षा बऱ्या, पण वाट नसेल तर त्याही काही करू शकत नाहीत. १५ ते २० मिलीमीटरच्या पुढे जाऊ नये. शॉकॲब्सॉर्बर जुने असतील तर त्याच दिवशी बदलावेत, नाहीतर स्प्रिंगाही पुढे ढकलाव्यात. चाकांचे अलाइनमेंट त्याच दिवशी, आणि पाचशे किलोमीटरनंतर स्प्रिंगा बसल्या की पुन्हा.

मूळ स्प्रिंगेचे वेटोळे कापून गाडी खाली बसवणे हा प्रकार मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये. पैसे लागत नाहीत म्हणून तो सर्रास चालतो. स्प्रिंगेचा कडकपणा वेटोळ्यांच्या संख्येच्या उलट बदलतो: आठातले एक कापले तर ती १४ टक्के कडक होते, तेवढ्यासाठी कोणी कापत नाही, म्हणून दोन कापतात. कापलेले टोक खालच्या वाटीत नीट बसत नाही. चाक खड्ड्यात पूर्ण लोंबले की स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू शकते. गॅस कटरने कापले तर आचेने त्या जागचे पोलाद आपले पाणी गमावते आणि तिथूनच पुढे ती बसते किंवा तुटते. एखादी सवलत म्हणून ‘गरम करून बसवून देतो’ असे कोणी म्हणाले तर तिथून गाडी काढून न्यावी. स्प्रिंगेच्या तारेची जाडी चौथ्या घाताने काम करते. १२ मिलीमीटरऐवजी १३ मिलीमीटर तार घेतली तर कडकपणा ३७-३८ टक्क्यांनी वाढतो. इतक्या नाजूक हिशेबाच्या वस्तूवर अंदाजाने आच लावणे म्हणजे चष्म्याची काच कानशीने घासून नंबर बदलण्यासारखे.

कायद्याचे थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने वाहनात करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आणली. नोंदणी पुस्तकात स्प्रिंगेचा उल्लेख नसतो, त्यामुळे वाद घालायला जागा आहे असे कोणी म्हणेल. तो वाद अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्वेक्षकासमोर घालावा लागला तर किती उपयोगी पडेल, याचा विचार आधी करावा. निदान बदल विमा कंपनीला लेखी कळवावा.

आणि ज्याला खरोखर गाडी वळणावर नीट चालायला हवी आहे, उंचीशी घेणेदेणे नाही, त्याच्यासाठी त्याच पैशांत जास्त चांगल्या गोष्टी आहेत. मूळ मापाचे नवे शॉकॲब्सॉर्बर. चिरलेले लोअर आर्मचे बुश आणि खडखडणारे लिंक रॉड बदलणे. कडेवर विरलेल्या टायरांच्या जागी चांगल्या दर्जाचे टायर, आणि त्यात महिन्यातून एकदा थंड असताना तपासलेली हवा. साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत एवढे केले तर अनेकांना गाडी बदलल्यासारखी वाटते. ती फट मात्र तशीच राहते, हा त्यातला तोटा.

लोअरिंग स्प्रिंगा बसवून घेतल्यानंतर गाडीची परीक्षा गॅरेजच्या मेकॅनिकने घेऊ नये, मालकानेच घ्यावी, आणि स्टिअरिंग दुसऱ्याला देऊन. घरातली तीन माणसे बसवून स्वतः मागे मध्यभागी बसावे आणि रोजच्या ओळखीच्या गतिरोधकावरून रोजच्याच वेगाने गाडी न्यायला सांगावी. काढलेल्या मूळ स्प्रिंगा मेकॅनिककडे सोडून येऊ नयेत. त्या तेलाचा हात फिरवून, पोत्यात बांधून, पुढची-मागची अशी खूण करून घरी ठेवाव्यात. भंगारात त्यांचे थोडेच पैसे येतात, आणि नव्या घ्यायच्या तर बरेच जातात.